शेजारच्या खाटेवरची झोप

माझी वहिनी परक्या माणसांची झोप वाचते. असं सांगितलं की लोकांना वाटतं, बाई भविष्यबिविष्य बघत असेल. तसलं काही नाही. ती झोपेच्या दवाखान्यात नोकरीला आहे. तिथे माणसं संध्याकाळी स्वतःची उशी काखेत मारून येतात, अंगाला वायरी चिकटवून घेतात, झोपतात, आणि सकाळी केसांत गोंद घेऊन घरी जातात. वहिनी कामावर पोचते तेव्हा खाटा रिकाम्या असतात, चादरी चुरगळलेल्या असतात, आणि अख्खी रात्र तिच्या कॉम्प्युटरमध्ये येऊन बसलेली असते.

ती रात्र म्हणजे एक लांबलचक टेबल. प्रत्येक खाटेचा एक कॉलम, प्रत्येक मिनिटाची एक ओळ, आणि चौकटीत एक आकडा: त्या मिनिटाला त्या माणसाच्या रक्तात ऑक्सिजन किती होता. आकडा खाली आला की समजायचं, श्वास कुठेतरी अडला. हे आकडे बोटाला लावलेला एक चिमटा पाठवत असतो. वहिनीचं काम असं, की त्या आकड्यांवर प्रोग्रॅम चालवायचा आणि कोण कसं झोपलं ते डॉक्टरीणबाईंना काढून द्यायचं.

मला हे समजायला बराच काळ गेला. पुढच्या खोलीत माझं शिवणाचं मशीन आहे, तेच माझं दुकान, दिवसभर पडदे आणि गणवेश शिवते, आणि मला समजावून सांगायला येणाऱ्या माणसांचा फार राग येतो. वहिनी समजावत नाही. ती नुसती बोलत सुटते, आपल्याला वाटलं तर ऐकावं. एकदा मी बटणं लावत बसले होते आणि ती खिडकीशी उभी राहून म्हणाली, "एक बाई आहे असं समज. तिला एकच काम येतं. ती पहिल्या खाटेच्या उशाशी उभी राहते आणि पायथ्यापर्यंत चालत जाते. झोप लागल्यापासून उजाडेपर्यंत. मग एक आकडा सांगते आणि पुढच्या खाटेकडे वळते. तिथेही तेच. कुणाचा लाड नाही, कुणावर डूख नाही."

"कोण ही बाई?"

"फंक्शन."

"आणि ती आडवी चालली तर?"

"तर ती एकाच मिनिटात सगळ्या खाटांवरून जाते. पहाटे सगळे मिळून कसे झोपले होते, ते सांगते."

"सगळे मिळून कोण झोपतं?"

"कुणीच नाही," वहिनी म्हणाली. "पण उत्तर येतं."

उभं चालायचं की आडवं, हे त्या बाईला आधी सांगावं लागतं म्हणे. शून्य लिहिलं की उभं, एक लिहिलं की आडवं. ती आपणहून विचारत नाही. सांगितलं तशी निमूट चालू लागते. मी म्हटलं, अशी बाई मला दुकानात मदतीला हवी.

हे वेड ती घरीही आणायची. आमच्या समोर एक उंच इमारत आहे, नुसत्या खिडक्याच खिडक्या. वहिनी चहाचा कप घेऊन तिच्याकडे बघत बसली की दूध उतू गेलंच म्हणून समजावं. एके दिवशी मला म्हणाली, "आडवं बघितलं तर ह्या लोकांचं एकमेकांशी काही नातं नाही. उभं बघ. डावीकडून दुसऱ्या रांगेतल्या सगळ्यांच्या खिडक्यांवर ओल आहे. वरपासून खालपर्यंत एकच पाइप गळतोय आणि प्रत्येकाला वाटतंय, आपल्याच नशिबी हे आलं." मी बघितलं तर खरंच होतं. मग मीही कितीतरी वेळ तिथेच उभी राहिले. तिच्या शेजारी उभं राहिलं की असंच होतं. माणूस हातातलं काम विसरतो आणि त्याला बरं वाटत राहतं.

दादा, म्हणजे माझा भाऊ, घरात शिरला की पहिलं मला विचारायचा, "काय चिमे, तुझी वहिनी आज उभी की आडवी?"

दादा बस चालवतो. चालवायचा. टेकडीवर जाणारी बस त्याच्याकडे इतकी वर्षं होती, की लोक बसला नंबराने नाही, त्याच्या मिशांवरून ओळखत. चढावर गिअर कुठे बदलायचा, कुठल्या घराच्या दारातलं कुत्रं मधे येतं, कुठल्या आजींना पायरी चढायला वेळ लागतो, सगळं त्याला पाठ. त्याचा गणवेश मीच शिवते. दुसऱ्या कुणी शिवलेला तो अंगाला लावत नाही.

तर ह्या दादाचा एका भरदुपारी, उतारावर, स्टिअरिंगवर डोळा लागला. डुलकीच म्हणायची ती. बस फुटपाथवर चढली आणि स्टॉपची पाटी आडवी करून थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. एका बाईंच्या पिशवीतली फळं सांडली, ती ह्याने स्वतः बसच्या खाली शिरून गोळा करून दिली. पण घरी आल्यावर दोन्ही हात मांडीखाली दाबून तो बसून राहिला, आणि वहिनीने पाणी दिलं ते त्याला घेता येईना.

डेपोच्या साहेबांनी सांगितलं, झोप तपासून घ्या. रिपोर्ट चांगला आला तर गाडी तुमची, नाहीतर चाकाला पुन्हा हात लावायचा नाही.

दादा म्हणाला, "चिमे, मला ऑफिसात खुर्चीवर बसवलं ना, तर मी वर्षभरात म्हातारा होईन." तो हसत म्हणाला, पण मला हसू आलं नाही. कारण ते खरं होतं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा हा माणूस जेवताना डावा पाय क्लचवर ठेवल्यासारखा ठेवतो.

झोप तपासायला गावात जागा एकच, आणि ती वहिनीची. तिच्या टेबलात नावं नसतात, खाटांचे नंबर असतात; कुठल्या खाटेवर कोण, ते तिला कळायचं नसतं. पण दादाच्या पोटात काही राहतं का? सकाळी केसांतला गोंद उपटत घरी आला आणि आल्या आल्या सांगून मोकळा झाला: "चार नंबर. दोन्हीकडे शेजारी. उजवीकडचा गडी काय झोपला होता म्हणून सांगू! लहान मुलासारखा." वहिनी तेव्हा डबा भरत होती. तिने कानांवर हात ठेवले. "अहो, मला सांगू नका ना," ती म्हणाली. पण सांगून झालं होतं.

त्या दिवशी दवाखान्यात नवं यंत्र होतं आणि त्याने टेबल आडवं पाठवलं होतं. म्हणजे माणसं ओळींत आणि मिनिटं कॉलमांत, सगळं कुशीवर वळल्यासारखं. वहिनीने ते फिरवून नेहमीसारखं उभं केलं, प्रोग्रॅम चालवला, आकडे डॉक्टरीणबाईंना दिले. चार नंबरची झोप चांगली होती. चांगली म्हणजे उत्तम होती. डॉक्टरीणबाईंनी सही केली.

वहिनी त्या संध्याकाळी बसस्टॉपवरून धावत आली. मी तिला धावताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. दारातच तिने चपला भिरकावल्या आणि म्हणाली, "ह्यांना काही झालेलं नाही. काही म्हणजे काही नाही." आमचा जीव भांड्यात पडला. दादाने मला उचलून गोल फिरवलं, ह्या वयात, आणि मग कंबर धरून बसला. रिपोर्ट डेपोत गेला, साहेबांनी सोमवारपासून या म्हणून सांगितलं. मी त्याची पँट कमरेत सैल केली आणि सदऱ्याला नवी बटणं लावली. रिपोर्टाबरोबर झोपेचा आलेख आला होता, लांब कागदावर काढलेली एक रेघ. तो दादाने कपाटाच्या दारावर चिकटवला. जो येईल त्याला दाखवायचा, "ही माझी झोप."

मला ती रेघ फार आवडायची. शिवता शिवता मान वर केली की समोर दिसायची. थोडी वर, थोडी खाली, कुठे घाई नाही. लांबवर शांत पाणी दिसावं तशी. तिच्याकडे बघता बघता माझे डोळे जड व्हायचे आणि मशीनची सुई थांबलेली असायची. घरात ते तीन-चार दिवस सगळंच असं सुस्त, गोड चाललं होतं. दुपारचं ऊन फरशीवर यायचं आणि कुणी उठायचं नाही.

रविवारी दुपारी दादा न्हाव्याकडे मिशा कातरून घ्यायला गेला होता. वहिनी कपाटासमोर स्टूल ठेवून बसली होती. मला वाटलं, नेहमीप्रमाणे तंद्री लागलीय. बराच वेळ गेला. मग ती हळूच म्हणाली, "चिमे, ही झोप ह्यांची नाही."

"म्हणजे?"

"मी ह्यांच्या शेजारी झोपते. मला माहीत आहे ह्यांची झोप. धक्के खात जाते. ही बघ ना. ही कशी तरंगत चाललीय." तिने बोट रेघेवरून सरकवलं आणि एका ठिकाणी थांबवलं. तिथे दोन बारीक उंचवटे होते, जवळजवळ. "हे मी पाच नंबरच्या खाटेवर बघितलेत. अस्सेच. त्याच मिनिटाला."

ती उठली, पर्स घेतली आणि दवाखान्यात निघाली. रविवारी. मी हाक मारली तर तिला ऐकू आलं नाही.

परत आली तेव्हा दादा अजून आला नव्हता. ती सरळ स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. चेहरा असा पडलेला, की मला वाटलं कुणीतरी गेलं. मग तिने सांगितलं. झोपेत चिमटा बोटावरून निसटला की टेबलात रिकाम्या चौकटी राहतात, भोकं. ती भोकं बुजवायला एक फंक्शन आहे. ते त्याच माणसाच्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांवरून मधलं भरून काढतं. ते उभं चालवायचं असतं. "टेबल आडवं आलं होतं ना, ते माझ्या डोक्यात बसलं. मी टेबल फिरवलं आणि दिशाही फिरवली. दोन्हींतलं एकच फिरवायचं होतं. मी शून्याच्या जागी एक लिहिला, चिमे."

"मग?"

"मग ते आडवं चाललं. ह्यांची भोकं शेजाऱ्यांच्या आकड्यांनी बुजवली. तीन नंबरची बाई आणि पाच नंबरचा तो गडी. दोघं शांत झोपली होती. त्यांची झोप ह्यांच्या अंगावर घातली मी."

"भोकं किती असणार? थोडीच ना?"

"खूप. ह्यांचा श्वास अडकतो, जीव घाबरा होतो, हात झटकतात, आणि चिमटा निसटतो. जिथे जिथे वाईट होतं, नेमकं तिथे तिथे भोक होतं." तिने पर्स ओट्यावर ठेवली. "आता नीट चालवलंय. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, माझी सही मी मागे घेते, नजर माझीही चुकली. म्हणाल्या, तोंडावर लावायचा मास्क असतो, उपचार आहे, पण चाक नको. एक दिवससुद्धा नको."

मी भडकले. राग नाकावर घेऊनच जन्माला आलेय मी. मी म्हटलं, "त्या माणसाला चार दिवस उंच झुल्यावर बसवलंस आणि आता खाली ओढतेस? आधीच नीट बघायला काय झालं होतं? तुझ्या त्या बाईला उभी चाल म्हणून सांगायला काय झालं होतं?" मी आणखी बोलले. इस्त्री केलेला गणवेश खुंटीवर होता, तो मी काढला आणि तिच्या हातात कोंबला. "घे. तूच सांग त्याला."

"मीच सांगणार आहे, वन्सं," ती म्हणाली. ती मला एरवी चिमे म्हणते. वन्सं म्हणाली की समजावं, आता हिच्या वाटेला जायचं नाही.

दादा मिशांना पीळ देत आला. वहिनीच्या हातात गणवेश बघून म्हणाला, "अगं, उद्या घालायचाय, आज नाही."

तिने त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. रडली नाही, की सारवासारव केली नाही. माझं चुकलं, असं सरळ म्हणाली. दादा ऐकत होता. मला वाटलं, हा आता ओरडेल, कपाटावरचा कागद टराटरा फाडेल. मी असते तर फाडला असता. तो उठून त्या रेघेपाशी गेला आणि जवळून बघत राहिला.

"ह्यात माझं काहीच नाही?" त्याने विचारलं.

"मधे मधे आहे. थोडं."

"आणि हे एवढं छान, हे त्या पाच नंबरचं?"

"त्याचं आणि त्या बाईंचं. अर्धं अर्धं."

"मला वाटलंच होतं," दादा म्हणाला. "सकाळी उठलो तेव्हा अंग मोडून आलं होतं. एवढं चांगलं झोपलेला माणूस असा कसा उठेल? पण म्हटलं, तू काढलंयस म्हणजे बरोबरच असणार." मग तो तिच्याकडे वळला. "खरी कशी दिसते?"

तिने पर्समधून दुसरा कागद काढला. त्याने तो उलगडला आणि तसाच घडी करून खिशात ठेवला. कुणाला दाखवला नाही. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने गणवेश घातला. मी म्हटलं, "आता कशाला?" तर म्हणाला, "साहेबांना मीच सांगणार. कागद मागून येईल, आधी माणसाने जावं." वहिनीने रजा टाकली. मी दुकान बंद केलं. मला त्या दोघांना एकटं सोडवेना, आणि खरं सांगायचं तर वहिनीशी मी अजून बोलत नव्हते, आणि ते न बोलणं डेपोतल्या एका बाकावर शेजारी बसून जास्त चांगलं जमलं असतं.

साहेबांच्या खोलीत दादा फार वेळ नव्हता. बाहेर आला तेव्हा सदऱ्याच्या खिशावरचा बिल्ला नव्हता. "उपचार करा, मग बघू, म्हणाले," तो म्हणाला. मग बघू म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाही कळत होतं. त्याची बस समोरच उभी होती, दुसरा ड्रायव्हर आरसा पुसत होता. दादा बघत राहिला. मग एकदम म्हणाला, "चला, वरपर्यंत जाऊन येऊ. ह्या बसमधून तिकीट काढून मी कधी गेलोच नाही."

आम्ही पुढच्या बाकांवर बसलो. तो खिडकीशी, वहिनी त्याच्याजवळ, मी त्यांच्या मागे. बस भरत गेली. पाठीवर दप्तरं लावलेल्या मुली, भाजीच्या पिशव्या, बाळाला खांद्यावर टाकलेला एक बाप. चढणारे दादाला बघून थबकायचे आणि मग स्टिअरिंगकडे बघायचे. तो सगळ्यांना हसून मान हलवायचा. बस निघाली तसे त्याचे पाय हलू लागले. ड्रायव्हरने गिअर बदलायच्या आधीच ह्याचा पाय दाबला जायचा. "आता," तो पुटपुटायचा, आणि गिअर पडायचा.

चढ सुरू झाला. ऊन खिडकीतून आत आलं, झाडांच्या सावल्या सगळ्यांच्या अंगावरून सरकत मागे जायला लागल्या, आणि बसमधला गलका हळूहळू विरत गेला. कुणीतरी गुणगुणत होतं. मला वाटलं, अशीच जात राहावी, कुठे पोचू नये.

दादाचे पाय थांबले होते. मी वाकून बघितलं. त्याची मान पुढे पडली होती. टेकडीच्या ऐन वळणावर, एका बाजूला खोल उतार, सगळ्यांत अरुंद जागा, आणि तो झोपला होता. जागा राहायचं म्हणून बसलेला, रस्त्यावर डोळे लावून बसलेला माणूस. वहिनीने आपला हात आडवा त्याच्या छातीवर धरला होता, ब्रेक लागला तर तो पुढे जाऊन आपटू नये म्हणून. माझ्या मांडीला मांडी लावून बसलेली दप्तरवाली मुलगी खिडकीबाहेर बघत होती. मी तिच्याकडे बघितलं, मग त्या बाळाकडे.

दादा घोरत होता. मला ह्या आवाजाची सवय आहे. आमच्या दोन खोल्यांच्या मधली भिंत पातळ आहे. मग आवाज थांबला.

मी वाट बघितली. बस वळत होती. तो स्वस्थ होता, नको तितका स्वस्थ, आणि वहिनीचा हात त्याच्या छातीवर होता तो वर येत नव्हता. वहिनीने माझ्याकडे मान वळवली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत श्वास रोखून बसलो. घरी, भिंतीपलीकडून, हा आवाज असाच थांबायचा. रोज थांबायचा. बरं झालं, लागली एकदाची ह्याला शांत झोप, असं म्हणून मी कूस वळायचे, आणि त्या शांततेत मला छान झोप लागायची.

एकदम एक मोठा झटका बसला, त्याचा हात उडाला, आणि श्वास आत आला. डोळे उघडले नाहीत. वहिनीने तो उडालेला हात धरून आपल्या मांडीवर ठेवला आणि दाबून धरला. मी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

शेवटचा स्टॉप आला. सगळे उतरले. नव्या ड्रायव्हरने वळून बघितलं, गाडी बंद करू का म्हणून. वहिनीने मानेनेच नको म्हटलं. त्याने इंजिन चालूच ठेवलं, आणि आम्ही दोघी तशाच बसून दादाचा श्वास ऐकत राहिलो.